साडूला दिसलेली घार

पक्षी बघायला साडूला बरोबर नेलं ही माझी पहिली चूक. माझ्या मेव्हणीचा हा नवरा गारगोटीजवळ म्हशी पाळतो, आणि बोलायला लागला की पलीकडच्या गल्लीला ऐकू जातं. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी पक्षी बघत माझी अकरा वर्षं गेली, पण समुद्री गरुड काही नशिबात नव्हता. त्याच्यासाठी फोंडा घाट उतरून देवगडच्या खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, घ्यायची, हा बेत माझा. हा बाबा नुसता गाडी चालवायला आला होता.

कयाक दोघांची होती. किनाऱ्यावरच्या माणसानं आमची पोटं न्याहाळली आणि जड म्हणून मला मागं बसवलं. मागच्यानं वळवायचं आणि पुढच्यानं बघायचं, असा तिथला न्याय. दुर्बीण माझ्या गळ्यात, पण दोन्ही हात वल्ह्यात. त्याला पाणमांजर दिसलं, कुरव पक्ष्यांचा थवा दिसला. मला दिसली त्याची पाठ. माझा नुसता जळफळाट चालला होता.

खाडीच्या तोंडाशी तो ओरडला, "पावणं, त्या सुरूच्या झाडावर बघा की! ह्यो कोन म्हनायचा?"

मी मान वाकडी करून पाहिलं. पांढरंशुभ्र पोट, करडी पाठ, आखूड शेपटी. तोच! आम्हा पक्षीवाल्यांच्यात रीत आहे, जो आधी बघेल त्याच्या नावावर पक्षी. अकरा वर्षं माझी आणि नाव या म्हशीवाल्याचं? मी बोलून गेलो, "घार आहे ती. चला पुढं."

"घार? प्वाट लई पांढरं हाय की."

"उन्हानं तसं दिसतं."

"व्हय? तुमी म्हंताय म्हंजे घारच."

गरुड उठला आणि आमच्या डोक्यावरून सावकाश समुद्राकडं गेला. साडूला संशय येईल म्हणून मी दुर्बिणीला हातसुद्धा लावला नाही.

किनाऱ्यावर चहा घेताना त्यानं बायकोला फोन लावला. "मज्जा आली गं. पन पावण्यास्नी त्यांचा गरुड काय गावला न्हाय. तोंड बघवंना त्यांचं. तुज्या ताईस्नी सांग, घरात कुनी इचारू नका म्हनावं." बोलता बोलता त्यानं त्याच्या बशीतली कांदाभजी माझ्याकडं सरकवली. खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि भजी खाल्ली.

दुसऱ्या रविवारी तो जोतिबाला जाऊन आला. येताना आमच्या दारात थांबला. "पावणं, तुमच्या गरुडासाठी देवाला नारळ बोललोय. दिसला की लगेच सांगा, नवस फेडाय पायजे."

तेव्हापासून भेटला की तो आधी तेच विचारतो. आणि मी सांगतो, अजून नाही.