दुपारची गोळी

कुसुमताई. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की मी हेच नाव घेतो. सगळ्यांना ते माहीत आहे. पण त्या नावाशी येऊन मी नेहमी थांबत आलो. पुढचं परवापरवापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

मी पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत शिकलो. वडील संत्र्याच्या बागेत मजुरी करायचे. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिला. नर्सिंगची पदवी घेऊन जबलपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात लागलो, तेव्हा औषधांची इंग्रजी नावं वाचताना मला घाम फुटायचा. कुसुमताई आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. ड्यूटी संपली की मला गढा भागातल्या आपल्या घरी न्यायच्या, एकेक नाव पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायच्या, जेवू घालूनच सोडायच्या. मुलगाच मानायच्या. हे मला मागाहून उमगलं असं नाही — तेव्हाही ठाऊक होतं.

त्यांचा एकच हट्ट. गोळी पेशंटच्या हातात देऊन पुढे सरकायचं नाही. त्याने गिळेपर्यंत पलंगाशी उभं राहायचं, मगच चार्टवर सही करायची. कोणी गालात दाबून ठेवल्याची शंका आली तर त्या हसत म्हणायच्या, "दादा, ज़रा मुँह खोलो, हमको दाँत गिनना है।" बोळक्या तोंडाचे म्हातारेही हसून तोंड उघडायचे. आणि मी घाई केली की मला ऐकवायच्या, "काहून रे, गाडी सुटून राहिली काय तुझी? नको म्हणते त्याले आधी विचार, काहून नको."

पटेल दादा आमच्या वॉर्डातले, फिटच्या झटक्यांचे पेशंट होते. दुपारच्या जेवणानंतर त्यांची एक गोळी असायची. त्या दिवशी स्टाफ कमी होता — नाही, स्टाफ नेहमीच कमी असायचा. मला कंटाळा आला होता, एवढंच. ते म्हणाले, "तुम जाओ बेटा, खाना खाके ले लूँगा।" मी गोळी स्टुलावर ठेवली, सही केली आणि निघालो. मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी विचारायचो, "ली ना, दादा?" ते म्हणायचे, "ली बेटा, ली।"

एका दुपारी त्यांना जोराचा झटका आला. पलंगावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. उशीखालच्या गमछ्याच्या गाठीत सगळ्या गोळ्या सापडल्या.

का? ते कुसुमताईंनी शोधून काढलं, त्यांच्याजवळ बसून, एकाच प्रश्नात. त्या गोळीने दादांना गाढ झोप लागायची. शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी चार वाजता विजय नगरहून यायची, आणि बाप झोपलेला पाहून तशीच परत जायची. त्यांना तिच्यासाठी जागं राहायचं होतं. डॉक्टरांशी बोलून काहीतरी मार्ग काढता आला असता. पण मी विचारलं कुठे होतं?

कितीतरी वर्षं मी मनाशी एकच घोकत आलो — दगा मला दिला गेला. मी त्या म्हाताऱ्यावर भरवसा टाकला आणि तो माझ्या तोंडावर खोटं बोलला. बेटा म्हणून खोटं बोलला! तो राग खरा होता. तोच घेऊन मी मेट्रन मॅडमच्या खोलीत गेलो.

तिथे — इथेच माझी जीभ अडते.

मॅडमनी विचारलं, गोळी गिळलेली न पाहता सही कशी केली? कुसुमताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मला काय सांगायचं होतं? दोन शब्द. मी चुकलो. पण नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मी म्हणालो, "दीदी ने ही कहा था मैडम, स्टाफ कम हो तो दवा रख के आगे बढ़ जाया करो।"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपल्याच घरात कोणी अनोळखी माणूस दिसावा, तसं. आता त्या मला खोडून काढतील असं वाटलं. त्या मॅडमकडे वळल्या आणि म्हणाल्या, "लड़का कह रहा है तो कहा होगा मैंने।"

त्यांचा वॉर्ड गेला. चादरींच्या स्टोअरमध्ये त्यांना बसवलं, तिथूनच त्या रिटायर झाल्या. पटेल दादा पुन्हा आधाराशिवाय चालू शकले नाहीत. मी पक्का झालो, पुढे त्याच वॉर्डाचा इन्चार्ज झालो. जिन्यात ताई समोरून आल्या की मी मोबाईल कानाला लावायचो. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात भाषणसुद्धा मीच केलं — त्यांचे उपकार सांगितले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवत होत्या.

मागच्या आठवड्यात नव्या नर्सेसना मी सांगत होतो, गिळेपर्यंत उभं राहायचं. एक मुलगी सहज म्हणाली, "सर, वो कुसुम सिस्टर थीं न, जो दवा रख के चली जाती थीं?" बाकीच्या हसल्या. ताईंना पाहिलेलंही नाही त्यांनी.

ताई आता नागपूरला मुलाकडे असतात. त्यांना पाठवलेलं पत्र हे असं:

कुसुमताईंना नमस्कार.

गोळी ठेवून पुढे जा, असं तुम्ही मला कधीही सांगितलं नव्हतं. मी खोटं बोललो. नोकरी वाचावी म्हणून बोललो, आणि वाचल्यावरही गप्प राहिलो. आज सकाळी ड्यूटी बदलताना हे वॉर्डात सगळ्यांसमोर सांगितलं. आताच्या मेट्रन मॅडमना लेखी दिलं आहे. त्याची नक्कल सोबत आहे. पुढे काय होईल ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. दवाखान्यात तुमच्या नावावर जी चूक सांगितली जाते, ती माझी आहे.

सुधाकर