जिन्यातला मनीप्लांट

जिन्याच्या कठड्यावरून चढवलेला माझा मनीप्लांट चार वर्षांनी एकदाचा दाराच्या चौकटीपर्यंत पोचला होता. आज सकाळी दार उघडलं, तर समोरच्या सुलभाताई कात्री घेऊन उभ्या, आणि वेलाचा सगळ्यात लांब शेंडा त्यांच्या पदराखाली!

"सुलभाताई, हा तिसरा!" मी ओरडलो. "मागितला असता तर कुंडीसकट दिला असता की!"

"इश्श! मागून आणलेला मनीप्लांट कधी लागतो का? तो चोरूनच आणायचा असतो."

माझं डोकंच फिरलं. पाणी मी घालायचं, पानं मी पुसायची, आणि लक्ष्मी जाणार कात्रीवाल्यांच्या घरी! आपल्याकडे चोरीलासुद्धा सोवळं नेसवलं की तिचा विधी होतो. वाटीभर साखर नेली तर दुसऱ्या दिवशी शीग लावून परत करणारी ही बाई. पण वेल कापल्यावर तिच्या चेहऱ्यावर पूजेला बसल्याचं समाधान होतं. मला खरा संताप त्या समाधानाचा आला. चोरानं निदान घाबरावं तरी!

तेवढ्यात त्यांनी तो शेंडा काढून माझ्याच हातात कोंबला.

"घ्या! तुम्ही पाहिलंत, आता हा कसला जगतोय! दोन मिनिटं उशिरा दार उघडलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

त्यांचं दार धाडकन बंद झालं. माझाच कापलेला वेल हातात धरून मी क्षणभर जिन्यात धुमसत उभा राहिलो, आणि मग माफी मागायला त्यांची बेल वाजवली.