पारबताची गोष्ट

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढे नाही, थोरल्या बहिणीपुढे तर नाहीच — तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

स्वराज्य नवं होतं. सेलूजवळच्या एका कताई केंद्राची मी संचालिका होते. आमचा एक नियम होता आणि त्याचा मला भारी तोरा — विटाळ पाळायचा नाही. कावळा शिवला म्हणून कुणी घरी बसायचं नाही. नियम वाईट होता का? नव्हता. बाया खुशीनं एका ओळीत चरख्यावर बसत, एकाच माठातलं पाणी पीत.

पारबता त्यांतलीच. नवरा वारलेला, पदरात लहान मुलगी, घर तिच्या कताईवर चालायचं. पण दर महिन्याला ती पांढरीफटक पडायची, पोट धरून दुमडायची. नागपूरचे पाहुणे केंद्र बघायला येणार त्या सकाळी ती माझ्याकडे आली.

"बाई, मी विटाळ पाळून नाई राह्यली जी. पोटात लई दुखून राह्यलं. कापसाच्या खोलीत थोडं आडवं होऊ द्या मले."

मी म्हणाले, सगळ्याच बायकांना होतं. पहिल्या ओळीत बस.

मला कळलं नाही असं म्हणू? खोटं होईल. माझी बहीण अशीच तडफडायची. आई गरम विटेनं तिचं पोट शेकायची, वीट फडक्यात गुंडाळून द्यायचं काम माझं. मला सगळं माहीत होतं — पण पाहुण्यांपुढे मिरवायचं होतं. आणि मिरवलं. पुरुषांच्या त्या घोळक्यापुढे मी पारबताकडे बोट दाखवलं — हिचे ते दिवस चालू आहेत, तरी बघा कशी कातते!

सूत तिच्या हातात सारखं तुटत होतं. ती उठली तेव्हा लुगड्याला मागून डाग पडला होता. भिंतीला पाठ लावून ती दारापर्यंत सरकत गेली. पाहुण्यांनी माना फिरवल्या. मी? मी त्यांना सुताच्या गुंड्या दाखवत होते.

ती परत आली नाही. लोकांच्या शेतात तण निंदायला जाते, उन्हातान्हात, असं कानावर आलं. मी बोलावणं धाडलं नाही. वर सगळ्यांना सांगितलं — विटाळाचं खूळ, दुसरं काय! पुढं बायकांच्या सभांतून हीच गोष्ट सांगत राहिले. खुळ्या समजुतीपायी हातची रोजी घालवणारी बाई. छान रंगायची. लाज वाटते लिहिताना, पण रंगायची.

गिरडकडच्या एका गावात गोष्ट अर्ध्यावर आली आणि समोर पारबता दिसली. बायांच्या मधोमध, शेजारी मुलगी. मी तिचं नाव घेतलं नव्हतं — पण तिला नावाची काय गरज?

थांबता आलं असतं. मी घोटभर पाणी प्यायले आणि गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. पारबता मान खाली घालून बसून राहिली. बाया हसल्या. सगळ्या हसतात म्हणून तिची मुलगीही हसली.