दाढ दुखतच नव्हती

आमच्याकडे बाई दवाखान्यात गेली की दुखणं तिचं असतं आणि बोलणं नवऱ्याचं. डॉक्टरसमोरची खुर्चीही त्याचीच. बाई मागे पिशवी धरून उभी. मी उमरीच्या शाळेत दिवसभर घसा फोडते, वेळ आली तर मुख्याध्यापकांशीही भांडते, पण डॉक्टरच्या खोलीत मलासुद्धा कुणी काही विचारलं नाही. या रिवाजापायी माझी एक धडधाकट दाढ गेली. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

सुरुवात उजव्या कानापुढच्या दुखण्यानं झाली. जांभई दिली की तिथं टक् असं वाजायचं. मग एके दिवशी वर्गात कविता म्हणून दाखवताना जबडा अडकला. तोंड बोटभराच्या वर उघडेना. पोरांना वाटलं, बाई नक्कल करतायत, ती हसली. घरी भाकरीचा घास तोंडात जाईना म्हणून वरणात कुस्करून खायला लागले. सासूबाईंनी लवंग दिली. नवऱ्यानं निदान केलं, दाढ.

"दाढ न्हाई हो, कानापाशी दुखतंय," मी म्हणाले.

"दाढंचाच ठणका कानात जातो. मला ठाऊक हाय."

नवऱ्याचं भोकरला खता-बियाण्यांचं दुकान आहे. शेतकरी पिवळं पडलेलं पान दाखवतो आणि हा मागच्या फळीवरची बाटली काढून देतो. त्यामुळे जगातला कुठलाही रोग आपल्याला गल्ल्यावर बसून कळतो, अशी त्याची समजूत आहे.

भोकरच्या दवाखान्यात तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "साहेब, हिची दाढ लई तकलीफ देऊन राहिली. काढूनच टाका." डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली, दाढा ठोकून पाहिल्या, फोटो काढला. फोटोत तसं काही दिसत नाही, हे ते स्वतःच म्हणाले. मी कानापुढं बोट ठेवलं. "हां, तिथवर कळ जाती तिची," नवरा म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून मान डोलावली आणि इंजेक्शन भरलं. भूल चढल्यावर मी बोलणार काय, जीभसुद्धा माझी राहिली नव्हती. जेवढं उघडत होतं त्याहून जास्त तोंड ताणलं आणि दाढ उपटली. ट्रेमध्ये ती पडली तेव्हा मी पाहिली. पांढरी, मुळांसकट अख्खी, कुठं काळा ठिपका नाही. लहानपणापासून मी तिनं ऊस सोलत आले होते.

कळ होती तिथंच राहिली, उलट वाढली. नवरा म्हणाला, "मग शेजारची असंल." एक झाड उपटून रोग गेला नाही, तर पुढचं उपटायचं.

शेजारची काढायला आम्ही नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात निघालो. बसमध्ये मी दात आवळून बसले होते. जितके आवळावेत तितकं कानापुढं जास्त दुखत होतं. हे लक्षात आलं आणि मी तिथंच ठरवलं, काही झालं तरी ही दाढ द्यायची नाही.

तिथं माझ्याहून लहान एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारलं, "जबडा वाजतो का?"

"वाजतो," नवरा म्हणाला.

"सकाळी उठल्यावर गाल जड वाटतो?"

"न्हाई, तसं काही न्हाई."

"दात आवळायची सवय? काही टेन्शन?"

"टेन्शन कशाचं, मॅडम? नोकरी हाय, घर हाय. मी तर तिला काही बोलतबी न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्ही बाहेर बसा," मी म्हणाले.

"कोण, मी?"

"हाव, तुम्ही. सकाळी माझा गाल दगडावानी असतो. तुम्हाला काय ठाव?"

तो डॉक्टरबाईंकडे बघत राहिला. त्यांनी दाराकडे हात केला, तेव्हा उठला.

मग त्यांनी माझ्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि तोंड उघड-मीट करायला लावलं. इतक्या दिवसांत त्या जागेला पहिल्यांदा कुणाचा हात लागला. "ताई, हा जबड्याचा सांधा आहे. दाढेचा यात काही संबंध नाही," त्या म्हणाल्या.

मी विचारतच सुटले. ऑपरेशन लागेल का? बहुतेकांना लागत नाही. दात तासून, वर कॅप बसवून बरं होईल का? सांध्यासाठी तसलं काही करू नका, तासलेला दात परत येत नाही. मग करायचं काय? मऊ खायचं, शेकायचं, जबड्याचे व्यायाम करायचे, आणि दात आवळले जाऊ नयेत म्हणून झोपताना दातांवर घालायचा एक प्लास्टिकचा साचा त्या बनवून देणार होत्या. भाकरी? काही दिवस कुस्करूनच. आणि माझी गेलेली दाढ?

त्या म्हणाल्या, "ती काढायला नको होती. तिथं नवी बसवता येईल. पण आधी सांधा शांत होऊ द्या."

परतताना नवरा म्हणाला, "काढली ती डॉक्टरनं. मी थोडीच काढली?" मला दात आवळायची मनाई झाली होती. म्हणून ओठ मिटून, आतून दात सुटे ठेवून मी भोकरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी सासूबाईंनी लेकाला विचारलं, "काय म्हणले डॉक्टर?"

तो सांगायला लागला. "मला विचारा," मी म्हणाले. तो दुकानाकडे निघून गेला. मी सासूबाईंना सगळं सांगितलं, माझ्या कानापुढं बोट ठेवून जागा दाखवली. त्या ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझंबी तिथंच वाजतंय गं. लई वर्षं झाली. तुझे सासरे म्हणायचे, दाढ हाय."

मी त्यांच्या कानापुढं बोटं ठेवली आणि तोंड उघडायला सांगितलं. बोटाखाली टक् असं झालं. आत त्या बाजूला खाली एकही दाढ नव्हती.