दुधासारखा अरक

इस्राएलमधलं अश्दोदचं बंदर बांधलं जात होतं, तेव्हा बाबा तिथे सिमेंटच्या कामावर होते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पेताह तिक्वाला राहून नर्सिंग शिकत होते आणि शुक्रवारी दुपारच्या बसने घरी यायचे.

त्या वर्षी बाबांच्या पोटात सारखी आग पडायची. आम्ही हिंदुस्थानातले हे कळताच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिखट बंद करायला सांगितलं. आईने मुकाट्याने कालवणातली मिरची बंद केली, तरी आग थांबेना. कामावरून आले की बाबा रिकाम्या पोटी अरक घ्यायचे. त्या दारूत पाणी घातलं की ती दुधासारखी पांढरी होते, म्हणून ती पोटाला थंड, अशी त्यांची समजूत. आईचीही तीच. पाणी तीच घालून द्यायची.

मग वर्गात बाईंनी शिकवलं, की जठराला आतून एक बुळबुळीत थर असतो आणि तो आपल्याच आम्लापासून अस्तराला जपतो. दारू, त्यातून रिकाम्या पोटी, तो थर बिघडवते. मग आम्ल अस्तराला झोंबतं, सूज येते, कधी रक्तही येतं. माझ्या डोळ्यांपुढे बाबांचा पांढरा ग्लास आला.

बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. वडिलांना असं कसं सांगायचं? घरी पोचल्यावर कसंबसं म्हणाले, "बाबा, रंग दुधाचा असला तरी ती दारूच आहे. पोट तिनेच सोलवटतंय, मिरचीने नाही."

बाबा हसले. "बरं, डॉक्टरीणबाई. मग आज किद्दुशला पेल्यात वाइनऐवजी नळाचं पाणी धरू?"

शुक्रवारी संध्याकाळी आम्हा ज्यूंचा शब्बाथ सुरू होतो, तेव्हा वाइनच्या पेल्यावर म्हणायच्या या प्रार्थनेचा मी विचारच केला नव्हता. बोलली ती आई.

"अलिबागला कुठे वाइन होती? तुमच्या वडिलांनी जन्मभर मनुकांच्या सरबतावरच किद्दुश केला ना? आणि इतके महिने माझ्या मिरचीला बोल लावलात."

तिने लगेच काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजत घातल्या आणि संध्याकाळी फडक्यातून पिळल्या. बाबांनी प्रार्थना म्हटली, घोट घेतला आणि पेला रिकामा केला. मग म्हणाले, "अगदी घरच्यासारखं."

अरक लगेच सुटला नाही. हळूहळू मात्र मी दारात दिसले की बाबा आधी सांगायचे, "आजही नाही घेतला हां." आग कमी होत गेली. एका शुक्रवारी जिन्यातच कालवणाचा वास आला. ताटात ते लालभडक होतं.

"पोरी, याने काही सोलवटत नाही ना?" बाबांनी नाक पुसत विचारलं.

मी खरं तेच सांगितलं, मिरचीचा धडा अजून झाला नव्हता. तोवर त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.