कल्पिताने निवडलेला गॉगल

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली कल्पिता रिमोटवर विमानं उडवते असं कळलं, की लोक आधी तिच्या जाडजूड चष्म्याकडे बघायचे. तिला त्याचं काहीच वाटत नसे. थर्माकोल कापून पहिलं विमान तिने कॉलेजात असतानाच बनवलं होतं आणि ते पहिल्याच फेकीत उडालं होतं.

पुढे तिने विमानाच्या नाकावर छोटा कॅमेरा बसवला. त्याचं चित्र गॉगलमध्ये दिसतं, जणू आपणच विमानात बसलोय. पहिल्यांदा तिने मित्राचा, अल्पेशचा गॉगल लावला. चष्मा आत मावेना म्हणून काढून ठेवला आणि विमान थेट खाडीकाठच्या तिवरांत घातलं.

"गॉगल माझ्या डोळ्यांचा नाही रे," चिखल पुसत ती म्हणाली. "माझा मी घेणार."

अंधेरीच्या दुकानात दुकानदार विद्याधरने सगळ्यात नाजूक, नवा गॉगल पुढे केला. दुकानातल्या विमानावर कॅमेरा रोखून तिने तो लावला आणि लगेच काढला.

"एकाची दोन विमानं दिसतायत."

"होईल सवय, मॅडम."

"डोळे काय सवयीने लांब जातात? भिंगं लांब-लांब आहेत याची. दुसरा दाखवा."

दुसऱ्याचं चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. अल्पेश तर खूश झाला. कल्पिताने कॅमेऱ्यासमोर हात हलवला. हात आधी हलला, चित्रातला जरा मागाहून.

"वळण घेताना एवढ्या उशिरानेच वाट लागते," म्हणून तिने तोही परत केला.

मग तिची नजर कोपऱ्यातल्या डब्यासारख्या गॉगलवर गेली. आत एकच मोठा पडदा. चित्र थोडं भुरकट, पण हात हलला की तिथल्या तिथे हलणारं. आणि चष्म्यासकट चेहरा आरामात आत.

"हा द्या."

"अगं, डबडं आहे ते!" अल्पेश म्हणाला. "लोक हसतील."

"उडवताना मला लोक दिसणार आहेत का?"

रीतसर परवानगी काढून रविवारी ते मढला गेले. मासे विकून आलेली तिची आई कमळही सोबत होती. विमानावर नजर ठेवायला अल्पेश आकाशाकडे बघत उभा राहिला, कल्पिताने गॉगल चढवला. नारळांच्या मागे विमान गेलं तसं चित्रात मुंग्या आल्या. विमान दिसेनासं होताच अल्पेश ओरडला, पण घाबरून तिचा रिमोटवरचा अंगठा हलला नाही. शांतपणे तिने विमान वर घेतलं, चित्र साफ झालं आणि वाळूवर ते अलगद टेकलं.

"झकास यार!" अल्पेशने टाळी दिली.

दुसऱ्या फेरीला तिने आईला घडीच्या खुर्चीत बसवून गॉगल तिच्या डोळ्यांवर चढवला आणि स्वतः नुसत्या डोळ्यांनी बघत विमान उडवलं. कमळने खुर्चीचे हात घट्ट धरले. जन्मभर किनाऱ्यावरून पाहिलेल्या होड्या आता तिच्या पायांखालून चालल्या होत्या.

"गो बाय, तुझ्या बापाची होडी एवढीशी?"

"भीती वाटते का? उतरवू?"

"उतरवतेस कशाला? आणखी पुढं ने."

"बॅटरी संपत आलीय गं आई."

"मग दुसरी लाव," कमळ म्हणाली. गॉगल काही तिने काढला नाही.