एकोडीच्या वाटेवर युरिया संपला तेव्हा

तुमसरच्या गिरणीतून तांदळाची पोती भरून ट्रक निघाला. नागपूरहून आलेला मी केबिनमध्ये सोबतीला बसलो होतो. चालक देवराव नव्या गाडीवर भलतेच खूश. "मागं पाहा भाऊ. धूरच नाही."

खरंच नव्हता. काजळी अडवणारी जाळी, शिवाय विषारी वायू मारायला युरियाचं पाणी. त्यांच्या बायकोला, वनितावहिनींना, दमा, घर रस्त्याला लागून. म्हणून मालकाकडे हट्ट धरून त्यांनी हीच गाडी मिळवली होती.

दोन्ही बाजूंना हिरव्या बांध्या (धानाची खाचरं), मध्येच एखादा तलाव. एकोडीजवळ गाडीत समोर पिवळा दिवा लागला. युरिया संपत आला होता आणि पंपावर मिळाला नाही. दिवा लागला की गाडीचा जोर कमी होतो, म्हणून देवरावांनी ती घराकडेच वळवली.

वनितावहिनींनी भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण वाढलं. जेवून बाहेर येतो तो त्यांचा भाऊ मोरेश्वर बादलीत खताचा युरिया विरघळवत बसलेला.

"जिजाजी, युरिया तं घरीच हाय. पंप कायले पायजे?"

"हा धानाचा," मी म्हणालो. "गाडीचा शुद्ध केलेला असतो. हा टाकला तर सगळं बिघडेल, वायू तसाच बाहेर येईल."

"धान वाढते यानं, गाडी काहून नाही चालन?"

मला हसू आलं. देवराव हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत माल पोचवायचा होता. बादली घेऊन ते टाकीपाशी गेले. तेवढ्यात आतून वहिनींचा खोकला ऐकू आला. देवरावांनी बादली खाली ठेवली.

"मोरेश्वर, फटफटी काढ. साकोलीवरून गाडीच्या युरियाचा डबा आणू."

ते गेल्यावर वहिनींनी विचारलं, "खरं सांगा भाऊ, या गाडीतून आता काईच निंगत नाही?"

"खूप कमी निघतं. पण अगदी बारीक कण सुटतातच. ते दिसत नाहीत, छातीत खोल जातात."

"पयले धूर दिसे, तं मी दार लावून घेत होती. आता दार कवा लावू?"

डबा आला, टाकी भरली, दिवा विझला.

नागपूरला परतलो तरी मन अस्वस्थ आहे. खोटं मी सांगितलं नव्हतं, पण त्या घरातलं समाधान माझ्या बोलण्याने गेलं. त्या दिवशी घरून निघताना देवरावांनी किल्ली फिरवली आणि नुसत्या आवाजावर वहिनींनी दार लावून घेतलं. देवरावांनी ते आरशात पाहिलं. गाडी त्यांनी वहिनींसाठीच मिळवली होती.